.३७५ मॅग्नम आणि बोल्ट-ॲक्शन रायफल : निवड, नेम आणि निगा

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली आणलेले .३७५ मॅग्नम हे काडतूस आणि ते झाडणारी बोल्ट-ॲक्शन रायफल ही जोडी मोठ्या जनावरांच्या शिकारीत आजही प्रमाण मानली जाते. गोळीचा व्यास .३७५ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅम वजनाची गोळी नळीच्या तोंडातून सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघते आणि तिच्यात ५,७०० ज्यूलहून अधिक ऊर्जा असते. हरणांच्या शिकारीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी चार हजार ज्यूलच्या आतच राहते. तरीही .३७५ ची थोरवी केवळ ताकदीत नाही. त्याहून जबर काडतुसे पुष्कळ आहेत. सर्वसाधारण अंगकाठीच्या माणसाला सरावाने नीट पेलवते आणि तरीही रानरेड्याला पुरून उरते, असे हे काडतूस आहे. आफ्रिकेत आयुष्य घालवलेला शिकारी जॉन टेलर याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात या काडतुसाची मनापासून तरफदारी केली ती याच कारणाने. निवड करणाऱ्याने हा मुद्दा शेवटपर्यंत धरून ठेवावा. पेलवत नसलेली ताकद नेम बिघडवते, आणि बिघडलेल्या नेमाने जनावर जखमी होऊन रानात निघून जाते.

काडतुसाची घडण समजली की पुढच्या बऱ्याच अडचणी टळतात. १९१२ मध्ये त्यात कॉर्डाइट भरले जाई. ही दारू लांब काड्यांच्या रूपात असे, आणि उष्ण हवेत तिचा दाब बराच वाढे. म्हणून पुंगळी तळाकडून तोंडाकडे निमुळती केली गेली. दाब वाढून पुंगळी चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट बसली, तरी निमुळत्या आकारामुळे ती पाचरीसारखी सैल होऊन मागे निघते. आत शिरतानाही तिचे अरुंद तोंड चेंबरमध्ये बिनचूक जाते. पण निमुळत्या पुंगळीला खांदा अगदी जेमतेम उरतो, आणि चेंबरमध्ये काडतूस किती खोल जाऊन थांबायचे हे त्या काळी एवढ्या उतरत्या खांद्यावर सोपवणे भरवशाचे नव्हते. त्यासाठी तळाशी, खाचेच्या लगेच पुढे, पितळेचा एक उंचवटा ठेवला गेला. त्यालाच बेल्ट म्हणतात. काडतूस या बेल्टवर टेकून थांबते.

बेल्टमुळे पुंगळी अधिक मजबूत होते, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. बेल्टचे काम थांबवण्याचे, बळकटी देण्याचे नाही. पुढे याच पुंगळीवरून अमेरिकेत काडतुसांचे मोठे घराणे निघाले : १९५६ चे .४५८ विंचेस्टर मॅग्नम, १९५८ चे .३३८, १९६२ चे ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ चे .३०० विंचेस्टर मॅग्नम. यातल्या बहुतेकांना स्पष्ट, भक्कम खांदा आहे. त्यांना बेल्टची तांत्रिक गरज नव्हती. तो केवळ वारशाने आला, आणि बेल्ट असला की काडतूस जोरदार असणार, अशी ग्राहकांची समजूत झाल्यामुळे टिकला.

रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांसाठी मात्र हा तपशील फार महत्त्वाचा आहे. कारखान्यातली नवी पुंगळी बेल्टवर नीट टेकते, पण तिचा खांदा आणि चेंबरचा खांदा यांच्यात बहुधा थोडी पोकळी असते. पहिल्या बारात पितळ पुढे ताणले जाऊन ती पोकळी भरते. पुंगळी दर वेळी पूर्ण दाबून मूळ मापाला आणली, तर हा ताण पुन्हा पुन्हा त्याच जागी, बेल्टच्या जरा पुढे, बसतो. तिथली भिंत पातळ होत जाते आणि एके दिवशी पुंगळी तिथून तुटते. यावर उपाय म्हणजे पुंगळी दाबून मापाला आणणारी डाय अशी बसवावी की खांदा फक्त बोल्ट सहज मिटण्याइतकाच मागे जाईल. प्रत्येक पुंगळी बाहेरून पाहावी. बेल्टच्या पुढे चकचकीत कडे दिसले, किंवा आतून टोक वाकवलेल्या बारीक तारेने चाचपताना खळगा लागला, तर ती पुंगळी टाकून द्यावी. दारूचे वजन आणि जात मात्र नेहमी दारूच्या उत्पादकाच्या छापील तक्त्यातूनच घ्यावी, ऐकीव माहितीवरून कधीही नाही.

आता रायफल. बोल्ट-ॲक्शनचा आजचा साचा जर्मनीतील ओबर्नडोर्फच्या माउझर कारखान्याने घडवला, आणि १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेले त्याचे मॉडेल आजच्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन रायफलींचे मूळ आहे. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन जाड कड्या असतात. मूठ खाली फिरवली की त्या रिसीव्हरमधल्या खाचांत अडकतात आणि बाराचा सगळा दाब पेलतात. मागे तिसरी कडी राखीव असते. बोल्टच्या अंगाला लागून एक लांब, पोलादी पट्टीचा एक्स्ट्रॅक्टर असतो. तो बोल्टबरोबर गोल फिरत नाही. मॅगझिनमधून काडतूस वर येताच त्याची खाच या पट्टीच्या नखाखाली सरकते, आणि चेंबरमध्ये शिरण्यापासून रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत नखाची पकड सुटत नाही. या पद्धतीला कंट्रोल्ड फीड म्हणतात.

दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे पुश फीडमध्ये, बोल्ट काडतुसाला फक्त पुढे ढकलतो आणि मूठ मिटण्याच्या शेवटच्या क्षणी त्याला पकडतो. १९६२ ची रेमिंग्टन ७०० या पद्धतीची आहे, आणि तिच्या अचूकतेबद्दल कोणाची तक्रार नाही. फरक पडतो तो घाईच्या क्षणी. पुश फीडमध्ये बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे ओढला, तर पहिले काडतूस चेंबरच्या तोंडाशी सैल पडून राहते आणि दुसरे त्याच्यावर येऊन आदळते. कंट्रोल्ड फीडमध्ये अर्धवट नेलेले काडतूस बोल्टबरोबर परत येते आणि बाहेर पडते. हरीण किंवा मूस मारणाऱ्याला दोन्ही पद्धती सारख्याच चालतील. जखमी रेडा वीस पावलांवरून येत असताना हात थरथरतात, आणि तिथे नखाच्या पकडीला पर्याय नाही, म्हणून .३७५ घेणाऱ्याने कंट्रोल्ड फीडच निवडावी, हे मत ठामपणे मांडण्यासारखे आहे.

.३७५ चे काडतूस सुमारे ९१ मिलिमीटर लांब असते, .३०-०६ चे साधारण ८५. नेहमीच्या मापाच्या माउझर ॲक्शनमध्ये ते मावत नाही. कारागिरांनी जुन्या लष्करी ॲक्शन पुढून-मागून घासून त्यात हे काडतूस बसवले आहे, आणि त्यात कधी कधी खालच्या कडीच्या आधाराचे पोलादच घासले गेले आहे. अशी रूपांतरित रायफल जाणकार बंदूक-कारागिराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. मुळातच लांब मापाच्या ॲक्शनमध्ये अमेरिकेची विंचेस्टर मॉडेल ७० आणि चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो झेडकेके ६०२ व तिच्या वंशातली सीझेड ५५० ही नावे महत्त्वाची. मॉडेल ७० विकत घेताना साल पाहावे. १९३६ ला सुरू झालेल्या या रायफलीत कंट्रोल्ड फीड होती. १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी ती काढली गेली आणि १९९० च्या दशकात परत आली.

रायफल हातात आल्यावर पाहण्याचे काम डोळ्यांपेक्षा हातांचे अधिक आहे. दारू आणि प्रायमर नसलेली, खऱ्या मापाची नकली काडतुसे घ्यावीत, मॅगझिन पूर्ण भरावे, आणि बोल्ट एकदा सावकाश व एकदा जोरात चालवून सगळी आत-बाहेर होतात का ते पाहावे. शेवटचे काडतूस विशेष तपासावे, कारण कमजोर स्प्रिंग तिथेच उघडी पडते. मॅगझिनची तळपट्टी धक्क्याने आपोआप उघडत असेल तर ती रायफल बाद. दस्त्याचे लाकूड ॲक्शनच्या शेपटीमागे फुटलेले नाही ना, हे उजेडात धरून पाहावे. या काडतुसाच्या धक्क्याने केसाएवढी चीर तिथेच सुरू होते. चांगल्या रायफलीत लाकडातून आडवे बोल्ट घातलेले असतात, आणि पुष्कळ रायफलींना नळीखाली धक्का घेणारी दुसरी कडी असते. सेफ्टी तीन टप्प्यांची असेल तर उत्तम : मधल्या टप्प्यावर चाप बंद राहतो, पण बोल्ट उघडून काडतूस काढता येते. वजन दुर्बिणीशिवाय चार किलोच्या आसपास असावे. हलकी रायफल खांद्यावर वागवायला सुखाची, झाडायला दुःखाची.

जुन्या रायफलीच्या बाबतीत नळीवरचा ठसा ही पहिली वाचण्याची गोष्ट. .३७५ हा आकडा असलेली अनेक काडतुसे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुनळी रायफलींसाठीचे .३७५ फ्लँज्ड मॅग्नम वेगळे. २००७ चे, बेल्ट नसलेले .३७५ रूगर वेगळे, लिव्हर-ॲक्शनचे .३७५ विंचेस्टर तर अगदीच लहान. ठसा, पेटीवरचे नाव आणि पुंगळीच्या तळावरचे नाव, तिन्ही अक्षरशः जुळल्याशिवाय काडतूस चेंबरमध्ये घालू नये. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसच्या चाचणीच्या खुणा असतात. नंतर कोणी नळी बदलली किंवा चेंबर वाढवले तर त्या निरर्थक ठरतात, म्हणून कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टपासून काडतूस टेकून थांबते तिथपर्यंतचे अंतर, मोजून घ्यावी.

गोळीची निवड रायफलीच्या निवडीइतकीच गंभीर आहे. जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात एका चिखलाने माखलेल्या मूसवर याचा अनुभव आला. हातात .३७५ च्याच पुंगळीवरून बनलेले .३०० हॉलंड अँड हॉलंड होते. वेग भरपूर होता, पण गोळ्या कातडीजवळच फुटून विखुरल्या आणि आत शिरल्या नाहीत. त्याने तांब्याच्या मधल्या भिंतीने दोन भाग केलेली गोळी तयार केली : पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत घुसतो. पार्टिशन या नावाने ती आजही मिळते. त्यानंतर शिसे आवरणाला जोडून टाकलेल्या आणि संपूर्ण तांब्याच्या गोळ्या आल्या. रानरेड्यासाठी यांपैकी कोणतीही चांगली ३०० ग्रेनची गोळी घ्यावी. हत्तीच्या डोक्यासाठी मात्र न फुलणारी, अखंड धातूची सॉलिड गोळीच लागते. कुडू, ऑरिक्स, एलंड यांच्यासाठी २७० ग्रेनची गोळी पुरेशी होते, आणि ती जरा सपाटही जाते. वजनांची सरमिसळ करायची असेल तर प्रत्येक वजनाची गोळी कागदावर कुठे लागते हे आधी पाहावे. .३७५ च्या अनेक रायफली वेगवेगळ्या गोळ्या एकाच जागी टाकतात, अशी या काडतुसाची ख्याती आहे. पण ती आपल्या रायफलीबद्दल खरी आहे का, हे तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

नेम बसवताना दुर्बीण कमी शक्तीची असावी : एक ते चार किंवा दीड ते सहा पट. डोळा आणि भिंग यांच्यात किमान नऊ सेंटिमीटर अंतर हवे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. काढता-बसवता येणाऱ्या पकडीवर दुर्बीण बसवून, खाली उघडे साइटही जुळवून ठेवले तर दाट झुडपात सोय होते. २७० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर बरोबर लागेल असा नेम बसवला, तर १०० यार्डांवर ती सुमारे ५ सेंटिमीटर वर आणि ३०० वर वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली लागते. हे जवळपास .३०-०६ च्या १८० ग्रेनच्या गोळीसारखेच आहे. ज्याला ती रायफल येते त्याला नवे काही पाठ करावे लागत नाही, हा या काडतुसाचा मोठा गुण.

धक्क्याचे मात्र तसे नाही, तो .३०-०६ च्या जवळपास दुप्पट असतो. बहुतेक जण याचा सामना चुकीच्या जागी करतात : टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडून, पुढे वाकून, एका बैठकीत तीस-चाळीस बार. त्या स्थितीत शरीर मागे झुलू शकत नाही आणि सगळा धक्का खांद्याच्या हाडात जातो. तिसऱ्या-चौथ्या बारानंतर शरीर स्वतःच बचाव शोधते. चाप पुरता ओढला जाण्याआधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि गोळी खाली जाते. ही सवय जडली की सुटायला महिने लागतात. म्हणून टेबलावर फक्त नेम बसवण्यापुरतेच बार करावेत, जाड गादीच्या आधाराने, कानांवर दुहेरी संरक्षण घेऊन. बाकी सराव उभ्याने, गुडघ्यावर आणि तीन काठ्यांच्या तिवईवरून करावा. आफ्रिकेत बहुतेक बार तिवईवरूनच होतात. एका दिवशी दहा-बारा बारांपलीकडे जाऊ नये. उरलेला सराव .२२ च्या रायफलीवर आणि रिकाम्या रायफलीवर चाप दाबून होतो, आणि तोच जास्त उपयोगी पडतो. सोबत्याने मॅगझिनमध्ये न सांगता एखादे नकली काडतूस मिसळावे. त्या वेळी नळीचे टोक हलले, तर दोष कुठे आहे ते लगेच कळते. बार झाल्यावर रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट चालवण्याची सवय लावावी. मोठ्या जनावरावर पहिली गोळी कितीही छान बसली तरी दुसरी तयार ठेवणे हाच नियम आहे.

जनावर पूर्ण आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जावे आणि शरीराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबावे. आफ्रिकी रानरेड्याचे हृदय आणि फुप्फुसे, नवख्याला वाटतात त्याहून पुढे आणि खाली असतात. खांद्यावरचा उंच कुबड मणक्याच्या काट्यांचा असतो, आणि त्याच्याकडे पाहून अंदाज बांधणारा हमखास वर मारतो. कळपात मागे दुसरा रेडा उभा असेल तर थांबावे, कारण चांगली गोळी आरपार जाते. शंभर मीटरच्या पलीकडून रेड्यावर बार करू नये, मग रायफल कितीही लांबचा पल्ला गाठणारी असो. या बाबतीत सोबतच्या व्यावसायिक शिकाऱ्याचा शब्द अंतिम मानावा.

कायदे देशागणिक निराळे आहेत. झिंबाब्वेत हत्ती-रेड्यांच्या वर्गासाठी किमान ९.२ मिलिमीटर व्यास आणि ५,३०० ज्यूल ऊर्जा लागते. नामिबियात किमान ५,४०० ज्यूल. .३७५ हे दोन्हींत बसते, पण फार मोठ्या फरकाने नाही. नामिबियाची अट पुरी करायला ३०० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला सुमारे ७४५ मीटर वेग लागतो. छापील वेग सहसा ६१ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून मोजलेला असतो. नळी ५१ सेंटिमीटरवर कापलेली असेल तर वेग या मर्यादेखाली जाऊ शकतो, म्हणून अशा रायफलीचा वेग क्रोनोग्राफवर मोजून घ्यावा. दक्षिण आफ्रिकेत परदेशी पाहुण्याला तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो आणि एका रायफलीमागे २०० काडतुसांची मर्यादा आहे. विमानात तर पाच किलोंपेक्षा जास्त काडतुसे नेता येत नाहीत, आणि .३७५ ची तेवढ्या वजनात शंभराच्या थोडीच वर बसतात. केनियात शिकार १९७७ पासून बंद आहे.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेच्या शिकारीला जागा उरलेली नाही, आणि हे योग्यच झाले. तरी महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थानिक व इनामदार घरांत वारशाने आलेल्या अशा रायफली अजून आहेत. परवानाधारकाचे निधन झाल्यावर वारसाने शस्त्र घरात ठेवून चालत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अटींनुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी आणि मग आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, हेही अर्जापूर्वी ध्यानात घ्यावे.

अशा रायफलींबरोबर बहुधा किनॉक या कंपनीची जुनी, कॉर्डाइट भरलेली काडतुसे सापडतात. ती झाडू नयेत. दारूचा भरवसा राहिलेला नसतो. त्या काळच्या प्रायमरमधून बारानंतर एक क्षार नळीत उरतो, तो हवेतली ओल शोषून पोलाद खातो आणि तेलात विरघळत नाही. नळीत जुना गंज दिसत असेल तर कारण बहुधा हेच. पूर्वीचे शिकारी म्हणूनच नळीत आधी उकळते पाणी ओतत, मग कोरडी करून तेल लावत. आजच्या काडतुसांना पाण्याची गरज नाही : बोल्ट काढून, चेंबरच्या बाजूने सळई घालून, आधी दारूची काजळी आणि मग तांब्याचा थर काढणारे द्रावण वापरावे, शेवटी तेलाचा पातळ हात फिरवावा. बार करण्याआधी हे तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे, कारण चेंबर तेलकट राहिले तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवरचा ताण वाढतो.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात रायफल चामड्याच्या पेटीत कधीही ठेवू नये. चामडे ओल धरते आणि महिन्याभरात नळीवर डाग उठतात. लोखंडी कपाटात, नळीचे तोंड खाली करून उभी ठेवली तर तेल ॲक्शनमधून दस्त्याच्या लाकडात झिरपत नाही. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, बोल्ट आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी रायफल बाहेर काढून, रिकामी असल्याची बोट घालून खात्री करून, पुसून ठेवावी.